दहा मीटर पिस्तुलाचा सिलेंडर भरताना

माझी नात दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. तिच्या क्लबात एकोणीस मुलं आहेत आणि दर रविवारी सकाळी त्या सगळ्यांचे हवेचे सिलेंडर मी भरते. हे काम मला कोणी सांगितलं नाही, मी मागून घेतलं. त्याआधी एकतीस वर्षं इंदूरच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होते. वायूंचे नियम फळ्यावर किती वेळा लिहिले याची गणती नाही. आता तेच नियम रविवारी हातात गरम होताना लागतात.

नवे पालक येतात तेव्हा पिस्तुलाची किंमत विचारतात, बूट कुठले घ्यायचे विचारतात, पेलेटचा, म्हणजे छऱ्यांचा, डबा कितीला पडतो विचारतात. सिलेंडरबद्दल कोणी विचारत नाही. तो पिस्तुलाच्या नळीखाली निमूट बसलेला असतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. पण त्या नळकांड्यात 200 बार दाबाची हवा असते. स्कूटरच्या चाकात जेमतेम दोन बार. 200 बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 200 किलोचा भार. अंगठ्याचं नख बघा आणि त्यावर दोन क्विंटल गव्हाची पोती ठेवली आहेत असं समजा. भीती घालायला हे सांगत नाही. हात सावकाश चालावा म्हणून सांगते.

पूर्वी या पिस्तुलांत कार्बन डायऑक्साइड भरत. एअर पिस्तूल ऑलिंपिकमध्ये 1988 साली सोलला आलं तेव्हा त्याचीच चलती होती. पण कार्बन डायऑक्साइड 31 अंशांच्या वर द्रवरूपात राहतच नाही, आणि त्याचा दाब तापमानाबरोबर वर-खाली होतो. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या माळव्यात तो वायू वापरायचा म्हणजे सकाळी एक पिस्तूल आणि दुपारी दुसरं. साधी हवा त्या मानाने गुणी. पिस्तुलातला रेग्युलेटर सिलेंडरमधला मोठा दाब उतरवून प्रत्येक शॉटला सारखाच दाब देतो. सिलेंडर दोनशेवर असो की सव्वाशेवर, पेलेट त्याच वेगाने निघतं. फक्त एका मर्यादेपर्यंत. त्या मर्यादेबद्दल पुढे सांगणार आहे, कारण तिथेच आमच्या एका मुलीचं फार वाईट वाटण्यासारखं झालं.

आधी एक गोष्ट पक्की करा, ती म्हणजे काय भरायचं. हवा. कोरडी, गाळलेली, श्वासाला चालते तशी हवा. ऑक्सिजन कधीही नाही. गेल्या वर्षी एक बाबा वेल्डिंगच्या गॅसच्या दुकानात सिलेंडर घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "हवा नाही, पण ऑक्सिजन आहे, तोही हवाच ना." त्या बाबांनी सुदैवाने मला फोन केला. मी फोनवरच जवळजवळ ओरडले. जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा किंवा ग्रीसचा नुसता अंश असला तरी तो पेट घेतो, ठिणगीचीही गरज लागत नाही. पिस्तुलाच्या आट्यांना, ओ-रिंगला काही ना काही वंगण लागलेलंच असतं. दवाखान्यात काळ्या अंगाची, पांढऱ्या खांद्याची टाकी दिसते ना, ती ऑक्सिजनची. तिच्याशी पिस्तुलाचा काही संबंध नाही. टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसरही नको. तो आठ-दहा बारच्या वर जात नाही, आणि त्याच्या हवेत तेल आणि पाणी दोन्ही असतं.

आमच्याकडे पाणबुडे वापरतात तशा दहा लिटरच्या दोन टाक्या आहेत. त्या रीतसर हवा भरणाऱ्याकडून भरून येतात. टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे वाचायला शिका. भरण्याचा दाब, चाचणीचा दाब आणि शेवटच्या चाचणीची तारीख तिथे कोरलेली असते. आपल्या देशात या टाक्यांना 2016 चे गॅस सिलेंडर नियम लागू होतात. त्यांची देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपुरात आहे. चाचणीची मुदत उलटलेली टाकी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. रंग नवा मारलेला असला तर आणखीच नको.

पिस्तुलाच्या छोट्या सिलेंडरवरही तारीख असते. बहुतेक बनवणारे दहा वर्षांची मुदत देतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत सिलेंडर मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूवर टाकलेली आहे, आणि स्पर्धेआधी सामान तपासतात त्या इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर तारीख बघतात. जुनं पिस्तूल विकत घेणारे पालक लाकडी मूठ बघतात, ट्रिगर बघतात आणि ही तारीख विसरतात. मग सहा महिन्यांत नवा सिलेंडर घ्यावा लागतो आणि स्वस्तात मिळालेलं पिस्तूल महागात जातं.

आता प्रत्यक्ष काम.

पिस्तूल आधी मोकळं करा. पेलेट नाही हे डोळ्यांनी बघा, नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग घाला आणि मगच सिलेंडर फिरवून काढा. सिलेंडर निघाला म्हणून पिस्तूल निर्धोक झालं असं धरू नका. आतल्या चेंबरमध्ये एखाद्या शॉटपुरती हवा उरलेली असू शकते. मुलांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. ती कंटाळतात, तरी सांगते.

सिलेंडर हातात आला की त्याचं तोंड उजेडाकडे धरा. इथे पाच मिनिटं गेली तरी चालतील. आटे स्वच्छ हवेत. आपल्या इंदुरी मिस्त्रींच्या भाषेत चूडी. मी जुन्या सुती साडीचे तुकडे करून ठेवले होते, पुसायला. एकदा एक सिलेंडर भरल्यावर बारीक सूं-सूं ऐकू यायला लागलं. गेज हलत नव्हतं, पण कान लावला की आवाज यायचा. साबणाचं पाणी लावलं तर तोंडापाशी मोहरीएवढे फुगे, एकामागून एक. हवा सोडली, तोंड उघडलं, भिंग घेतलं. ओ-रिंगवर आडवा एक धागा पडला होता, सुती, पांढरा, डोळ्याच्या पापणीएवढा. त्याच पुसण्याच्या कापडाचा. रबर सगळीकडे नीट बसलं होतं, फक्त त्या धाग्याच्या खाली केसाएवढी फट होती, आणि दोनशे बारला तेवढी पुरते. त्या दिवसापासून मी चष्मा पुसायचं बिनधाग्याचं कापड वापरते.

ओ-रिंगला चीर दिसली, ती चपटी झाली किंवा बोटाला चिकट लागली तर बदला. पण सियागंजात नळाच्या सामानाच्या दुकानातून त्याच मापाची घेऊन येऊ नका. माप बसेल, रबर नाही. साधी काळी ओ-रिंग बहुधा 70 शोअर कडकपणाची असते, आणि एवढ्या दाबाला त्याहून कडक, 90 शोअरच्या आसपासची लागते. मऊ रबर दाबाखाली फटीत घुसतं आणि कडेने कुरतडलं जातं. बनवणाऱ्याचा सुटा संच मागवा, घरात दोन ठेवा. वंगण लावायचं ते पुस्तिकेत सांगितलेलंच, आणि ते बोटाला नुसतं चमकेल एवढं. शिलाई मशीनचं तेल नको, व्हॅसलिन नको.

मग अडॅप्टर. एका बाजूने तो टाकीच्या व्हॉल्व्हला बसतो, दुसऱ्या बाजूने सिलेंडर. मध्ये गेज आणि बाजूला अडकलेली हवा सोडायचा एक छोटा ब्लीड स्क्रू. सिलेंडर हाताने बसवा, बोटांच्या जोराने, पान्याने नाही. हाताने जात नसेल तर आटे तिरके लागले आहेत. उलटं फिरवा, पुन्हा लावा. ब्लीड बंद करा. आता उभं कसं राहायचं ते. सिलेंडरचं मागचं टोक आणि गेजची काच कोणाच्याही पोटाकडे किंवा तोंडाकडे नको, तुमच्याही नाही. मी टाकी भिंतीला पट्ट्याने बांधते आणि बाजूला उभी राहते. मुलं मागे, पांढऱ्या रेषेच्या पलीकडे.

टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा म्हणजे किती? घड्याळाचा मोठा काटा पाच मिनिटांत सरकतो तेवढासुद्धा नाही. आधी काहीच होत नाही. मग मनगटाला एक बारीक थरथर लागते, आणि कानाला पावसाची पहिली सर दूरवर यावी तसा आवाज. तिथेच थांबा. त्याहून जास्त उघडू नका. सुई हलायला लागेल. मी मनात आकडे मोजते. दहा बारला निदान चार-पाच सेकंद लागले पाहिजेत. शंभरवरून दोनशेवर जायला जवळपास मिनिटभर.

एवढं हळू का, हे मुलांनाही समजावं म्हणून मी त्यांना सिलेंडरला हात लावायला लावते. भरताना तो कोमट होतो, घाईत भरला तर चांगला तापतो. हवा कोंबली जाते तेव्हा ती तापते. सायकलचा पंप मारताना खालचा भाग तापतो, तेच. तापलेली हवा जास्त दाब दाखवते. समजा घाईने भरताना आतली हवा 60 अंशांवर गेली आणि सुई दोनशेवर आली. तुम्ही व्हॉल्व्ह बंद केला, खूश झालात. अर्ध्या तासाने हवा खोलीच्या 30 अंशांवर आली की तीच सुई 182 वर बसलेली असेल. हवा कुठे गळली नाही. ती तेवढीच होती. 273 मिळवून गुणोत्तर काढा: 333 वरून 303, म्हणजे नऊ टक्के कमी. दहावीच्या मुलांना मी हे गणित आता फळ्याऐवजी सिलेंडरवर करून दाखवते आणि ते त्यांच्या डोक्यात राहतं.

म्हणून 150 ला मी टाकी बंद करते आणि थांबते. दोन-तीन मिनिटं. पाण्याचा घोट घ्या. सिलेंडरला हात लावून बघा, तळहाताएवढाच कोमट वाटला की पुन्हा उघडा. 190 ला पुन्हा थांबा. मग 200. त्यापुढे नाही. तुमची टाकी 300 बारची असेल तर इथे जिवावरचा मुद्दा आहे. अडॅप्टर आपणहून थांबत नाही. तुम्ही बोलण्यात गुंतलात आणि सुई 230 ला गेली तरी टाकी हवा देतच राहते. छोट्या सिलेंडरवर 200 लिहिलं असेल तर 200. तुमचे डोळे सुईवर आणि हात व्हॉल्व्हवर हवा. भरताना मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवते.

झालं की क्रम असा: टाकी बंद, मग ब्लीड स्क्रू हळू सोडायचा, फस्स करून अडॅप्टरमधली हवा निघून जाते, गेज शून्यावर येतं, आणि त्यानंतरच सिलेंडर फिरवायचा. हा क्रम चुकला तर सिलेंडर फिरतच नाही, कारण आट्यांवर दाब असतो. फिरत नाही म्हणून लोक पाना शोधायला जातात. नका जाऊ. हाताने सुटत नाही याचा अर्थ आत हवा आहे, एवढाच. पुन्हा ब्लीड बघा.

आता त्या मुलीची गोष्ट. तिचं नाव लिहीत नाही. चौदा वर्षांची, रोज सकाळी साडेपाचला उठून सायकलने यायची. एका स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिचा सिलेंडर कोणीतरी घाईत भरून दिला, आमच्याच टाकीवर. टाकीत तेव्हा हवा थोडी होती, सुई 160 ला येऊन थांबली, सिलेंडर गरम होता. "160 पुरे, 60 तर शॉट आहेत," असं म्हणून तिला दिला. दुसऱ्या दिवशी थंड सिलेंडरवर 145 होते.

तिच्या पिस्तुलाला 200 वरून 80 पर्यंत यायला साधारण 160 शॉट लागतात. म्हणजे एका शॉटला पाऊण बार. 80 च्या खाली रेग्युलेटरला पुरेसा दाब मिळत नाही. 145 वरून 80 म्हणजे 65 बार, म्हणजे 87 शॉट. स्पर्धेत सराव आणि तयारीला 15 मिनिटं असतात, तिथे तिने तीस सायटर, म्हणजे नेम जुळवायचे बिनगुणांचे शॉट, मारले. उरले 57. मॅच साठ शॉटची, सव्वा तासाची. शेवटचे तीन शॉट कमी दाबावर गेले. अठ्ठावन्नावा नऊ, एकोणसाठावा आठ, साठावा पुन्हा आठ, तिन्ही सरळ खाली, घड्याळात सहा असतात त्या जागी. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर एका रिंगचं अंतर 8 मिलिमीटर असतं. पेलेटचा वेग 150 मीटर प्रतिसेकंदावरून 130 वर आला तर दहा मीटरवर ते सुमारे 7 मिलिमीटर जास्त खाली उतरतं. एवढंच झालं होतं. पण ती बाहेर आली ती रडत, आणि म्हणत होती, "आजी, माझं मनगट शेवटी पडलं." दोन आठवडे ती मनगट पडतं म्हणून वजन धरून उभी राहत होती, न पडलेल्या मनगटाला दुरुस्त करत होती. मी सिलेंडर हातात घेऊन सुई बघितली तेव्हा उलगडा झाला. पोरीचा हात चोख होता. चूक आम्हा मोठ्यांची होती, आणि तिचा भार तिने उचलला. मी हे काम मागून घेतलं ते त्यानंतर.

त्या दिवसापासून क्लबात नियम आहे: स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सिलेंडर भरायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी थंड सुई वहीत लिहायची. 180 च्या खाली असेल तर पुन्हा भरायचा. आणि पिस्तुलावरच्या चिमुकल्या गेजवर पूर्ण भिस्त ठेवू नका. ते रुपयाच्या नाण्याएवढं असतं आणि दहा बार इकडेतिकडे सहज दाखवतं. टाकीच्या अडॅप्टरवरचं मोठं गेज खरं धरा आणि छोट्यातला फरक लक्षात ठेवा. नातीचं पाच कमी दाखवतं, तिच्या मैत्रिणीचं आठ जास्त. वहीच्या पहिल्या पानावर हे सगळे फरक लिहिलेले आहेत.

दोन टाक्या का, हेही सांगते. दहा लिटरच्या टाकीत 200 बारला 2000 लिटर हवा मावते, वजनात सुमारे 2.4 किलो. समजा छोटा सिलेंडर डेसीलिटरचा आहे आणि 100 वरून 200 वर न्यायचा आहे. त्याला 10 लिटर हवा लागते, आणि टाकी एका बारने उतरते. एका मुलाला काहीच नाही. पण एकोणीस मुलं झाली की टाकी 180 च्या घरात, आणि विसाव्याला 200 मिळणारच नाही, कितीही वेळ उघडी ठेवा. पाणी वरून खालीच वाहतं. म्हणून आम्ही उतरलेली टाकी आधी लावतो. तिच्याकडून सिलेंडर 150-160 पर्यंत जातो. मग भरलेली टाकी लावून वरचे चाळीस बार. माझी आजी विहिरीचं पाणी आधी मोठ्या हंड्याने काढायची आणि पिण्याचं शेवटी कळशीने, तसं. भरलेल्या टाकीचं पाणी वरच्या घोटासाठी राखायचं. अशाने टाक्या कितीतरी जास्त दिवस चालतात आणि शेवटच्या मुलालाही पूर्ण भरून मिळतं. रांगेत शेवटी नेहमी लहान मुलंच असतात, म्हणून मला याचं जास्त.

ज्यांच्याकडे टाकी नाही ते हातपंप घेतात. तीन टप्प्यांचा, उभा, सायकलच्या पंपासारखा दिसणारा. चालतो. शंभरच्या वर प्रत्येक दांडा अंगावर येतो. चार-पाच मिनिटं मारा, दहा मिनिटं थांबू द्या, नाहीतर आतली सील तापून जातात. माझी अडचण पावसाळ्याची आहे. जुलैत इंदूरची हवा ओली असते, आणि ओली हवा दाबली की त्यातलं पाणी बाहेर पडतं, ते सिलेंडरमध्ये आणि पुढे रेग्युलेटरमध्ये जातं. पंपाला गाळणी-ड्रायर जोडून घ्या. त्यात सिलिका जेलचे निळे मणी असतात, ओले झाले की गुलाबी होतात. गुलाबी दिसले की मंद आचेवर तव्यावर परतून पुन्हा निळे करता येतात, पण तो तवा स्वयंपाकाचा नको. पावसात शक्यतो पंप मारूच नका, एखाद्या क्लबातून भरून आणा.

उन्हाळ्याचं वेगळं. 28 अंशांच्या खोलीत 200 भरलेला सिलेंडर मे महिन्यात बंद गाडीत ठेवला आणि आतली हवा 60 ला गेली, तर सुई 221 ला. राजवाड्यापाशी गाडी लावून अर्ध्या तासात येतो म्हणणारे पालक मला माहीत आहेत. अर्धा तास पुष्कळ झाला. सिलेंडर खांद्यावरच्या पिशवीत, अंगाबरोबर. घरी ठेवताना मी 150 च्या आसपास ठेवते. पूर्ण रिकामाही नाही, कारण थोडा दाब असला की सील जागेवर राहतात आणि बाहेरची धूळ आत जात नाही.

बाजूचा एक मुद्दा, जो नेमबाजांना कळतो आणि बाकीच्यांना खोटा वाटतो. हवेला वजन असतं. डेसीलिटरच्या सिलेंडरमध्ये 200 बारला सुमारे 24 ग्रॅम हवा. शंभरवर आला की 12 ग्रॅम गेले, तेही पिस्तुलाच्या पुढच्या टोकाचे. पिस्तुलाचं वजन नियमाप्रमाणे दीड किलोच्या आत, त्यात बारा ग्रॅम म्हणजे काय मोठं? पण नातीला समजतं. तिने डोळे मिटून दोन सिलेंडर बदलून ओळखून दाखवले, सहापैकी सहा वेळा. तेव्हापासून ती सराव आणि मॅच साधारण सारख्याच भरलेल्या सिलेंडरवर करते. महूला सैन्याच्या मार्क्समनशिप युनिटमधून विजय कुमारसारखे नेमबाज घडले, त्याने 2012 साली लंडन ऑलिंपिकमधून रौप्य आणलं. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना महू तासाभराच्या वाटेवर आहे याचं फार अप्रूप. मी त्यांना म्हणते, तिथे पोहोचायचं असेल तर आपल्या सामानाचं वजनसुद्धा ओळखीचं झालं पाहिजे.

शेवटी प्रवास. विमानात भरलेला सिलेंडर जात नाही. रिकामा करा, आणि विमान कंपनीला आधी विचारून ठेवा. पिस्तुलाबरोबर हवा सोडायची एक छोटी टोपी किंवा स्क्रू मिळतो, तोच वापरा. पिन दाबून, खिळा खुपसून सोडू नका. हळू सोडा. भरताना जशी हवा तापते तशी सुटताना गार पडते, आणि घाईने सोडली तर तोंडावर बर्फ धरतो. त्या बर्फाचं पाणी होतं, ते आट्यांत जातं, आणि सील कडक होऊन तडकतं. 200 वरून शून्यावर यायला मी दहा मिनिटं घेते. मग तोंडाला प्लॅस्टिकची टोपी, वर नातीचा एक जुना लोकरी मोजा, आणि वहीत त्या दिवसाची नोंद: तारीख, शून्य, कोणी सोडली. स्पर्धेच्या गावी तिथल्या टाकीवर भरायचा, तेव्हा पुन्हा 150 ला थांबायचं, 190 ला थांबायचं. तिथल्या रांगेत मागचे घाई करतील. करू द्या, तुम्ही हात सिलेंडरवर ठेवा आणि तो गार झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.